एका गाडीची तीन एस्टिमेट: सही करण्याआधी काय तपासायचं

प्रश्न: मी मुलुंडला राहते. महिन्यापूर्वी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर घाटकोपरजवळ एका टेम्पोने माझ्या गाडीला मागून धडक दिली. गाडी साडेतीन वर्षांची, ११९७ सीसीची आहे. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) आहे, पण झिरो डेप (भागांवर घसारा न कापण्याची जोड) नाही. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट १,८६,४०० रुपये, कुर्ल्याच्या गॅरेजचं १,०८,०००, आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान मोजणाऱ्याने, मंजूर केले ९२,५००. कंपनी म्हणते, मान्य असल्याची सही द्या, नाहीतर गाडी आमच्या नेटवर्क गॅरेजला न्या. सर्व्हिस सेंटर रोजचं पार्किंग लावायचं म्हणतंय. सर्व्हेअरच्या तक्त्याचा फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर: सही आत्ता करू नका. आणि ‘१,८६,४०० पैकी निम्मेच दिले’ अशी तक्रारही करू नका, कारण ती टिकणार नाही. हे तीन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. सर्व्हिस सेंटरने बहुतेक भाग नवे धरले आहेत आणि कर मिळवला आहे. गॅरेजने डेंटिंग धरलं आहे, त्याचा बंपर गाडीच्या कंपनीचा आहे की बाहेरचा हे लिहिलेलं नाही, आणि जीएसटीचाही उल्लेख नाही. सर्व्हेअरचा आकडा घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची कपात) आणि डिडक्टिबल (प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम) वजा करून उरलेला आहे. त्यामुळे आधी एका कागदावर प्रत्येक भागासमोर तिघांचे आकडे मांडा.

त्यातली काही वजावट तुम्हाला सोसावीच लागेल. झिरो डेप नसल्यामुळे प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा लागतो. तुमच्या गाडीचं वय तीन ते चार वर्षांत बसतं, म्हणून पत्र्याच्या भागांवर २५ टक्के. काचेवर घसारा नाही, मजुरीवरही नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचा डिडक्टिबल १,००० रुपये. ही वजावट पॉलिसीतलीच आहे, तिच्यावर भांडण्यात वेळ घालवू नका.

पण तुमच्या तक्त्यातल्या दोन ओळी मला खटकल्या. पहिली पेंटिंगची. एकत्रित बिल २८,००० चं आहे आणि सर्व्हेअरने त्यातून सरळ १४,००० कापले आहेत. पेंटिंगमध्ये घसारा फक्त मटेरियलवर लागतो, आणि बिल एकत्रित असेल तर मटेरियल एकूण रकमेच्या २५ टक्के धरायचं असतं. म्हणजे मटेरियल ७,०००, त्यावर ५० टक्के घसारा ३,५००, आणि तुम्हाला मिळायला हवेत २४,५००. या एका ओळीत १०,५०० कमी आले आहेत. ही चूक इतक्या तक्त्यांत दिसते की पेंटिंगची ओळ प्रत्येकाने सर्वांत आधी वाचावी.

दुसरी ओळ डिकीच्या दरवाजाची. नवा दरवाजा २१,००० चा. सर्व्हेअरने ‘दुरुस्त होईल’ म्हणून ४,५०० मजुरी धरली. नवा बसवला तर २५ टक्के घसारा जाऊन १५,७५० मिळायला हवेत. इथे कायद्यापेक्षा पत्र्याची अवस्था महत्त्वाची. पत्रा मधोमध दबला असेल तर डेंटिंगने नीट होतो आणि सर्व्हेअरचं म्हणणं बरोबर ठरेल. पण लॉक बसतो तिथे किंवा बिजागरीपाशी घडी पडली असेल, तर फट सारखी येत नाही आणि पावसाळ्यात डिकीत पाणी उतरतं. सर्व्हिस सेंटरच्या बॉडीशॉप प्रमुखाकडून ‘या या ठिकाणी घडी आहे, दुरुस्ती शक्य नाही’ असं सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या. पट्टी ठेवून जवळून फोटो काढा. तोंडी मताचा पुढे काही उपयोग होत नाही.

मागून बसलेल्या धडकेत खरं नुकसान पुष्कळदा बंपर उतरवल्यावरच कळतं: डिकीचा तळ, चेसिसचा मागचा भाग, सायलेन्सर, पार्किंग सेन्सर. त्याचं पुरवणी एस्टिमेट द्या आणि सर्व्हेअरला पुन्हा पाहणीला बोलवा. तोवर तो भाग बदलू नका आणि उतरवलेला एकही भाग भंगारात जाऊ देऊ नका.

आता कंपनीला ईमेल करा. सर्व्हेअरच्या सहीचा पूर्ण अहवाल फोटोंसह मागा. वरच्या दोन ओळींचा हिशेब लिहा, बॉडीशॉपचं पत्र जोडा आणि फेरविचार मागा. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरने नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि कंपनीने तो मिळाल्यापासून ७ दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. तारखा ईमेलमध्ये नमूद करा. ‘सर्व्हेअरचा शब्द अंतिम’ असं उत्तर आलं तर ते चुकीचं आहे. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा, पण शेवटचा शब्द नव्हे, असं स्पष्ट म्हटलं आहे.

नेटवर्क गॅरेजबद्दल पॉलिसीच्या अटी नीट वाचा. रोख भरपाई देण्याऐवजी गाडी स्वतः दुरुस्त करून देण्याचा पर्याय प्रमाणित पॉलिसीत कंपनीला आहे. मात्र ती तो वापरत असेल तर कोणते भाग नवे, ते गाडीच्या कंपनीचे अस्सल का, वॉरंटी किती, हे लेखी मागा. नुसतं ‘तिकडे न्या, नाहीतर सही करा’ म्हणणं म्हणजे तो पर्याय वापरणं नव्हे. तुमच्या सर्व्हिस सेंटरला कॅशलेस (विमा कंपनीने थेट गॅरेजला पैसे देण्याची सोय) नसेल, तर बिल भरून भरपाई मागता येते.

पार्किंगचा आकडा वाढू देऊ नका. फेरपाहणीसाठी कंपनीला ठरावीक तारीख द्या. ती उलटली तर फोटो, जुने भाग आणि जीएसटीचं बिल जपून, तसं कळवून दुरुस्ती सुरू करा. वादासाठी गाडी अडकून ठेवायची गरज नाही. ९२,५०० घ्यायला हरकत नाही, पण व्हाउचरवर ‘पूर्ण व अंतिम’ असेल तर त्याखाली ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारले’ असं लिहा आणि त्याच दिवशी ईमेल करा. बिनशर्त सही दिलीत, तर पुढे ती दबावाखाली दिली हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल.

कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांच्या ठाणे कार्यालयाकडे जा; मुलुंड त्यांच्याच हद्दीत येतं. शुल्क नाही, वकील लागत नाही, नकारापासून एक वर्षाची मुदत. इतक्या रकमेच्या वादाला मी आधी हाच रस्ता सांगेन. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. मुदत दोन वर्षांची, आणि भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असल्याने तिथेही शुल्क नाही.

आणि टेम्पोला विसरू नका. घसारा आणि डिडक्टिबलचे जे पैसे तुमच्या खिशातून जातील, ते टेम्पोचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्याकडून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येतात; तुमच्या विमा कंपनीने दिलेले पैसे मात्र पुन्हा मागता येत नाहीत. कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे आणि तुमचा एक महिना गेला. पोलीस ठाण्यातली नोंद आणि टेम्पोच्या विम्याचा तपशील याच आठवड्यात मिळवा.