लॅपटॉपचं वायफाय ऑनच होत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

फॉरमॅट मारू नका, निदान आत्ता तरी नको. तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, काल रात्रीपर्यंत सगळं व्यवस्थित होतं, आज वायफायचं बटण ऑन केलं की क्षणभर निळं होतं आणि लगेच आपोआप ऑफ, कोपऱ्यात विमानाचं चिन्ह बसलेलंच, मोबाइलवर मात्र तेच वायफाय झकास चालतंय, आणि मित्र म्हणतोय की विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट करून टाक. आता मोबाइलवर चालतंय म्हटल्यावर राउटरचा आणि नेटच्या कंपनीचा विषयच संपला, त्यामुळे राउटर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका. रेंज, पासवर्ड वगैरे सगळं नंतरचं. तुमच्या लॅपटॉपमधला वायफायचा रेडिओच (सिग्नल पाठवणारा-पकडणारा भाग) बंद आहे आणि तो कुणीतरी बंद धरून ठेवलाय, ते कोण एवढंच शोधायचंय. कीबोर्डवरचं बटण असू शकतं, विंडोज असू शकतं, ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांची गाठ घालून देणारा प्रोग्राम), बायॉस (विंडोजच्या आधी सुरू होणारा लॅपटॉपचा स्वतःचा प्रोग्राम), किंवा मग खुद्द वायफाय कार्ड. फॉरमॅटने यातले फार तर दोन सुटतात, बाकीचे जिथल्या तिथे राहतात आणि तुमचा डेटा मात्र जातो.

सगळ्यात आधी रिस्टार्ट करा. शट डाऊन नाही, रिस्टार्टच. लोक म्हणतात की मी तर दहा वेळा बंद करून चालू केला, पण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचं एक प्रकरण आलंय, त्यात शट डाऊन केलं तरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर ज्या अवस्थेत होते तसेच डिस्कवर सेव्ह होतात आणि सकाळी तेच परत उचलले जातात, म्हणजे रात्री ड्रायव्हर अडकला असेल तर सकाळीही तो अडकलेलाच उठतो. रिस्टार्टमध्ये हे होत नाही, सगळं नव्याने लोड होतं. शट डाऊनच करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक करा, मग तो खरा बंद होतो.

त्याने नाही झालं तर पुढची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, माउस-पेनड्राइव्ह जे काही लावलंय ते काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा, आणि मग पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. मध्येच स्क्रीन उजळली तरी सोडू नका. नंतर चार्जर लावून चालू करा. ऐकायला तंत्रमंत्र वाटेल पण कारण साधं आहे, लॅपटॉप बंद असतानाही बोर्डावर थोडी वीज खेळत असते आणि वायफाय कार्डाच्या आतला छोटा प्रोग्राम हँग झाला असेल तर त्या विजेवर तो हँगच राहतो. वीज पूर्ण तुटली की तो शून्यापासून सुरू होतो. आदल्या रात्री चांगलं असलेलं वायफाय सकाळी अचानक गायब, अशा केसमध्ये हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो, आणि तुमची केस तशीच दिसतेय. काही लॅपटॉपना खालच्या बाजूला टाचणी जाईल एवढं रिसेटचं भोक असतं, बॅटरी आत बंद असलेल्या मॉडेलमध्ये ते वापरायचं. ते माइकचं भोक नाही ना एवढं मॅन्युअलमध्ये बघूनच टाचणी घाला.

आता बटण. कीबोर्डच्या वरच्या ओळीत कुठल्यातरी एफ बटणावर विमान किंवा अँटेनाचं चित्र असेल, प्रत्येक कंपनीत ते वेगळ्या जागी असतं. ते नुसतं दाबून बघा आणि एफएन दाबून धरूनही बघा. त्या बटणावर दिवा असेल तर रंगाकडे लक्ष द्या, एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये दिवा नारिंगी म्हणजे वायरलेस बंद. जुन्या लॅपटॉपना तर पुढच्या कडेला किंवा बाजूला खरोखरचा सरकवायचा स्विच असायचा, बॅगेत घालताना सरकला की लोक दिवसभर विंडोजमध्ये शोधत बसायचे. तुमचा नवा आहे म्हणजे बहुतेक नसेल, पण कडा एकदा चाचपून घ्या, फुकट आहे. आणि हो, लॅपटॉपला लॅनची (नेटची) वायर किंवा डॉक (जास्तीचे पोर्ट देणारा डबा) लावलेला आहे का? ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये बायॉसमध्येच असा पर्याय असतो की वायर लावली की वायफाय आपोआप बंद. वायर काढा, मिनिटभर थांबा, मग बघा.

इथपर्यंत काही झालं नाही तर अंदाज मारणं बंद करून लॅपटॉपलाच विचारायचं. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा, राइट क्लिक करून अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलंत तर उत्तम, आणि इंग्रजीत चार शब्द टाइप करा: नेटएसएच (म्हणजे एन ई टी एस एच, सलग), डब्ल्यूलॅन (डब्ल्यू एल ए एन), शो, इंटरफेसेस. मध्ये एकेक स्पेस, मग एंटर. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ही कमांड लोकेशनची परवानगी मागू शकते, घाबरू नका, जवळचं वायफाय दिसलं की तुम्ही कुठे आहात ते कळू शकतं म्हणून ती मागते, सेटिंगमध्ये लोकेशन तात्पुरतं ऑन करा.

आता जे येईल ते नीट वाचा, कारण आपला सगळा तपास या उत्तरावर आहे. रेडिओ स्टेटस अशी ओळ दिसली आणि पुढे हार्डवेअर ऑफ असेल तर बटण, स्विच किंवा बायॉस यांनी बंद केलंय, विंडोजमध्ये कितीही क्लिक करा, काही होणार नाही. हार्डवेअर ऑन पण सॉफ्टवेअर ऑफ असेल तर कार्ड शाबूत आहे आणि विंडोजच ते बंद धरून बसलंय, ही आनंदाची बातमी. कमांडने सांगितलं की ऑटोकॉन्फिग सर्व्हिस चालू नाही, तर स्टार्टमध्ये सर्व्हिसेस उघडा, यादीत डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग शोधा, डबल क्लिक, स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक, खाली स्टार्ट, झालं. पीसी फास्ट करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं कधीकधी ही सर्व्हिस बंद करून ठेवतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं. आणि वायरलेस इंटरफेसच नाही असं उत्तर आलं तर विंडोजला कार्ड दिसतच नाहीये, ड्रायव्हर गेला किंवा कार्ड गेलं किंवा बायॉसमध्ये बंद आहे.

तुमचं वायफायचं बटण परत ऑफ होतंय आणि विमान जात नाहीये, त्यावरून माझा संशय सॉफ्टवेअर ऑफवर आहे. अशावेळी स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि नेटवर्क अॅडॅप्टरच्या आधी ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस उघडा. तिथे वायरलेस रेडिओ कंट्रोल्स किंवा एअरप्लेन मोड स्विच अशा नावाचं काहीतरी सापडेल. कीबोर्डवरच्या विमानाच्या बटणाचा निरोप विंडोजपर्यंत पोचवणारा हाच दलाल, आणि अपडेटनंतर हा वेडा झाला की बटण दाबलेलंच आहे असं सारखं सांगत राहतो, तुम्ही ऑन करता, तो ऑफ करतो. त्यावर राइट क्लिक, डिसेबल, रिस्टार्ट. विमान गेलं तर चोर सापडला. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून वायरलेस बटणाचा किंवा हॉटकीचा ड्रायव्हर नवा टाकला की तो परत एनेबल करता येईल, नाही केला तरी फक्त ते बटण चालणार नाही, वायफाय चालेल.

ते नसेल तर आता नेटवर्क अॅडॅप्टर उघडा. नावात वायरलेस, वायफाय किंवा ८०२.११ असलेलं तुमचं कार्ड. वायफाय डायरेक्ट व्हर्च्युअल अॅडॅप्टर असं काही दिसलं तर ते कार्ड नव्हे, त्याला हात लावू नका. नावावर खाली जाणारा छोटा बाण असेल तर ते डिसेबल आहे, राइट क्लिक करून एनेबल करा. पिवळा त्रिकोण असेल तर डबल क्लिक करून डिव्हाइस स्टेटसमधला कोड बघा. २२ म्हणजे डिसेबल केलेलं, २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, १० म्हणजे डिव्हाइस सुरूच होत नाही, ४३ म्हणजे कार्डाने प्रॉब्लेम कळवला म्हणून विंडोजने ते बंद केलं. १० आणि ४३ ला तो ३० सेकंदवाला उपाय परत एकदा करून बघा आणि ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅकचं बटण दाबता येत असेल तर तेही, म्हणजे आधीचा चालणारा ड्रायव्हर परत येईल. रोल बॅक नसेल तर अनइन्स्टॉल करा पण ड्रायव्हर काढून टाकायचा का असा जो चौकोन येतो त्यात पहिल्यांदा टिक करू नका, नेट नसताना ड्रायव्हरची फाइल घालवली तर परत आणणार कुठून. मग वरच्या अॅक्शन मेनूतून स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस.

कार्ड यादीत दिसतच नसेल तर व्ह्यू मेनूत शो हिडन डिव्हायसेस करा. पुसट दिसलं आणि कोड ४५ असेल तर विंडोज म्हणतंय की हे आधी होतं, आता जोडलेलं नाही. मग बायॉसमध्ये जा (चालू करताना एफ२, एफ१० वगैरे, कंपनीप्रमाणे), वायरलेस एनेबल आहे का बघा. ब्लूटूथ चालतंय म्हणजे कार्ड ठीक आहे असं समजू नका बरं का, बहुतेक लॅपटॉपमध्ये दोन्ही एकाच कार्डावर असतात पण ब्लूटूथ आतल्या यूएसबी लाइनवरून जातं आणि वायफाय सहसा पीसीआय एक्सप्रेस या वेगळ्या लाइनवरून, त्यामुळे एक जिवंत आणि एक मेलेलं असू शकतं.

ड्रायव्हर उतरवायला नेट कुठून आणायचं हा प्रश्न येणारच. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग ऑन करा. फोन वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, मॉडेल नंबर टाकून. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करतो म्हणणारे प्रोग्राम अजिबात नकोत. कार्ड कुणाचं ते कळत नसेल तर डिटेल्स टॅबमध्ये हार्डवेअर आयडी निवडा, व्हीईएन नंतरचे चार अंक बघा: ८०८६ इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १६८सी क्वालकॉम अथेरॉस.

नेटवर्क रिसेट सेटिंगमध्ये आहे, अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जच्या आत, ते सगळी नेटवर्क कार्डं काढून नव्याने टाकतं. पण सेव्ह केलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात आणि व्हीपीएन परत बसवावा लागतो, म्हणून मी ते शेवटी ठेवतो.

आणि तरीही नाही झालं तर फॉरमॅटऐवजी एक पेनड्राइव्ह घ्या, त्यात उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम) टाका आणि लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता ट्राय करा या पर्यायाने चालू करा. तिथे वायफाय लागलं तर कार्ड ठणठणीत, दोष विंडोजमध्ये, आता फॉरमॅटला अर्थ आहे. तिथेही दिसलं नाही तर विंडोज दहा वेळा टाकलंत तरी दिसणार नाही. मग वॉरंटी असेल तर पाठवून द्या. नसेल तर कार्ड बदलता येतं, काही बारीक लॅपटॉपमध्ये ते बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं ते सोडून. नवं कार्ड घ्यायच्या आधी आधीच्या कार्डाचं मॉडेल वाचा, इंटेलचं एएक्स२०१ किंवा एएक्स२११ हे फक्त इंटेलच्या ठरावीक चिपसेटवर (बोर्डावरच्या मुख्य चिपवर) चालतं, अर्धं काम चिपसेट करतो म्हणून, तर एएक्स२१० साध्या स्लॉटवरही चालतं. कार्डावर अँटेनाच्या दोन बारीक वायरी दाबून बसवलेल्या असतात, त्या ओढायच्या नाहीत, टोपीखाली नख घालून सरळ वर उचलायच्या. आणि हे सगळं करायची इच्छा नसेल तर एक छोटा यूएसबी वायफाय डोंगल लावा आणि कामाला लागा, एक पोर्ट जातो एवढंच.