टक्केवारी तीच, नायलॉन दोन

प्रिय,

तुझा तक्ता पाहिला. एका रकान्यात कोपॉलिमर, म्हणजे दोन्ही नायलॉनचे तुकडे रेणूंच्या एकाच लांब साखळीत गुंफलेले; दुसऱ्यात ब्लेंड, म्हणजे दोन तयार नायलॉन वितळवून एकत्र केलेले. दोन्हींत नायलॉन ६ चे ८५ भाग आणि नायलॉन ६६ चे १५. मोजमापं काळजीने घेतली आहेत, यात शंका नाही. पण खाली ‘रचना सारखी असूनही गुणधर्मांत अनपेक्षित फरक आढळला’ असं जे वाक्य लिहिलं आहेस, ते आधी खोड. फरक आढळला नसता तर मी नमुन्यांच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा तपासायला सांगितलं असतं.

रचना सारखी नाहीच. वजनाचे भाग सारखे आहेत, एवढंच. कोपॉलिमरमध्ये ते १५ भाग साखळीच्या आत विखुरलेले असतात. ब्लेंडमध्ये साखळ्या आपापल्या शुद्ध असतात आणि शेजारी शेजारी बसलेल्या असतात. तुला पडणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या एका भेदात आहेत.

नायलॉनचा स्फटिक टिकतो तो अमाइड गटांमधल्या हायड्रोजन बंधांवर. शेजारच्या दोन साखळ्यांमधले हे गट ठराविक अंतरांवर समोरासमोर आले तरच बंध जुळतात. साखळीत मध्येच वेगळ्या लांबीचा तुकडा घुसला की हे अंतर चुकतं आणि तेवढा भाग स्फटिकात बसत नाही. म्हणून शुद्ध नायलॉन ६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळतं, ६६ सुमारे २६० ला, आणि तुझं ८५:१५ कोपॉलिमर मात्र २०० च्याही थोडं खाली. दोन्ही मूळ पदार्थांपेक्षा खाली! सरासरीचं सूत्र मांडून हा आकडा कधीच हाती लागणार नाही. स्फटिक कमी आणि बारीक झाले की फिल्म जास्त पारदर्शक होते, धागा लवचीक होतो. म्हणून वेष्टनाच्या फिल्ममध्ये आणि मासेमारीच्या दोरीत ही कोपॉलिमरं दिसतात. त्याची किंमत ताठपणात आणि उष्णता सोसण्यात मोजावी लागते. शोषलं जाणारं पाणीही वाढतं, कारण पाणी शिरतं ते अस्फटिक भागात. तिसरा घटक घालून ६/६६/६१० केलंस तर स्फटिकांची घडी इतकी विस्कटते की काही प्रमाणांत ते अल्कोहोलमध्ये विरघळतं. साध्या नायलॉन ६ कडून ही अपेक्षाच नको.

मात्र ‘कोपॉलिमर म्हणजे द्रवणांक खाली’ असा नियम वहीत लिहून ठेवू नकोस. ६६ मध्ये ६टी घालून बघ, म्हणजे अ‍ॅडिपिक आम्लाच्या काही भागाऐवजी टेरेफ्थॅलिक आम्ल. या दोन आम्लांची लांबी इतकी जवळची आहे की एक दुसऱ्याच्या जागी स्फटिकात बसतं. मग द्रवणांकाच्या आलेखात मधला खड्डा येतच नाही. टेरेफ्थॅलिक आम्ल वाढवत जावं तसा द्रवणांक वर चढत जातो. स्फटिकाला परका तुकडा चालतो, फक्त तो मापाचा हवा. मला विचारशील तर या विषयातला सगळ्यात देखणा भाग हाच आहे, आणि तुझ्या तक्त्यात तो नाही.

आता ब्लेंड. डीएससीच्या, म्हणजे नमुना तापवत त्यात शिरणारी उष्णता मोजणाऱ्या चाचणीच्या, आलेखात २२० आणि २६० च्या आसपास वितळण्याची दोन वेगळी शिखरं दिसतात, कारण दोन्ही जातींचे स्फटिक वेगवेगळे बनतात. अस्फटिक भागात मात्र दोन्ही साखळ्या एकमेकींत मिसळतात आणि ग्लास ट्रान्झिशनचं तापमान, म्हणजे अस्फटिक भाग काचेसारखा कडक असतो तो मऊ होतो ते तापमान, थोडक्यात टीजी, एकच दिसतं. तू त्या एका टीजीवरून ‘पूर्णपणे एकजीव’ असा निष्कर्ष काढला आहेस. नायलॉन ६ आणि ६६ चे टीजी मुळातच इतके जवळ आहेत की ते वेगळे असते तरी एकात एक मिसळूनच दिसले असते. या जोडीत टीजीला साक्षीला बोलावूच नये; शिखरांवर विश्वास ठेव.

तेही एका अटीवर. वितळलेलं ब्लेंड स्वस्थ बसत नाही. तापमान जास्त असेल आणि वेळ मिळाला तर अमाइड बंध तुटून दुसऱ्या साखळीशी जुळतात. आधी लांब लांब तुकड्यांचं ब्लॉक कोपॉलिमर होतं, मग तुकडे आखूड होत जातात, आणि तुझी दोन शिखरं खाली सरकत एकमेकांत विरू लागतात. पॉलिएस्टरच्या मानाने ही अदलाबदल संथ असते, पण फॉस्फाइट वर्गातली काही रसायनं तिला वेग देतात, आणि ती दाण्यांत स्थिरक म्हणून आधीच घातलेली असू शकतात. म्हणून ब्लेंडच्या प्रत्येक नमुन्यापुढे ते वितळवणाऱ्या यंत्राच्या बॅरलचं तापमान आणि आत राहिल्याचा वेळ लिहिलेला हवा. कोपॉलिमरचं हे दुखणं कमी; त्याची अदलाबदल बनतानाच झालेली असते.

नायलॉनचं नायलॉनखेरीज दुसऱ्याशी ब्लेंड करशील तेव्हा गोष्ट वेगळी. रबर किंवा पॉलिप्रोपिलीन नायलॉनमध्ये मिसळत नाही, थेंब होऊन राहतं, आणि थेंबाची कड सुटली की वस्तू तिथूनच फाटते. उपाय म्हणून रबरावर मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड चढवतात. नायलॉनच्या साखळीच्या टोकाचा अमाइन गट त्याच्याशी एक्स्ट्रूडरमध्येच, म्हणजे वितळवून मिसळणाऱ्या यंत्रातच, जोडला जातो, आणि थेंबाच्या कडेवर ग्राफ्ट कोपॉलिमर, म्हणजे रबराच्या साखळीला नायलॉनची फांदी फुटलेलं कोपॉलिमर, तयार होतं. म्हणजे चांगलं ब्लेंड इथे कोपॉलिमरच्याच जोरावर उभं असतं. ड्यूपॉन्टने १९७० च्या दशकात बाजारात आणलेलं ‘सुपर टफ’ नायलॉन ६६ याच वाटेने आलं. खाच पाडलेल्या नमुन्याचं आघात-सामर्थ्य साध्या नायलॉनच्या दहापटीहून पुढे गेलं. १९८५ मध्ये संशोधक सूहेंग वू यांनी दाखवलं की यात रबराच्या टक्क्यांइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व दोन थेंबांमधल्या नायलॉनच्या भिंतीच्या जाडीला आहे. नायलॉन ६६ साठी ती साधारण ०.३ मायक्रॉनच्या खाली गेली की ठिसूळ तुटणारा पदार्थ अचानक चिवट होतो. ताठपणा आणि ताण-सामर्थ्य मात्र घटतं, आणि माहितीपत्रकात ते बहुधा बारीक अक्षरांत असतं.

एक अगदी कोरडी सूचना, शब्दशः. कोणते नमुने सुके असताना मोजले आणि कोणते ५० टक्के आर्द्रतेत मुरवून, हे तक्त्यात कुठेच नाही. नायलॉन ६६ चा ताठपणा सुका असताना सुमारे ३ गिगापास्कल असतो, मुरवल्यावर तो जवळजवळ निम्म्यावर येतो. एवढ्या फरकात कोपॉलिमर आणि ब्लेंड यांच्यातलं अंतर सहज बुडून जाईल. आणि दुसऱ्या पानावर ६१२ आणि ६/१२ एकाच ओळीत टाकले आहेस. पहिलं सरळ होमोपॉलिमर आहे, म्हणजे साखळीत एकच तुकडा पुन्हा पुन्हा; दुसऱ्यातली तिरकी रेघ सांगते की ते कोपॉलिमर आहे. त्यांना वेगळं कर.

पुढच्या वेळी डीएससीचं पहिलं आणि दुसरं, दोन्ही तापवणं पाठव. पहिल्यात नमुन्याचा इतिहास असतो, दुसऱ्यात पदार्थ. ब्लेंड मात्र दोन्हींच्या मध्ये वितळलेल्या अवस्थेत फार वेळ धरून ठेवू नकोस, नाहीतर मोजता मोजताच त्याचं कोपॉलिमर करून बसशील.

तुझा,
मार्गदर्शक