गाळखत: टेम्पो रिकामा करून घेण्याआधी

गोव्यातल्या सत्तरी, डिचोली आणि फोंड्यातून सध्या एकच विचारणा वारंवार येते आहे. पाणी शुद्धीकरणाचा गाळ कंपोस्टमध्ये घालावा का? टेम्पोतून गाळ विकणारा विक्रेता म्हणतो तसा तो थेट माडाच्या आळ्यात टाकला तर चालेल का?

थेट टाकू नका. कोणताही गाळ, कोणत्याही झाडाला, थेट नाही.

आधी गाळ कुठला ते विचारा. ओपा, अस्नोडा, साळावली इथे नदी-धरणाचे पाणी पिण्यायोग्य होते. अशा प्रकल्पांत तुरटी किंवा तत्सम क्षार घालून गढूळपणा खाली बसवतात. तो गाळ म्हणजे बारीक माती आणि अ‍ॅल्युमिनियम. त्यात नत्र (नायट्रोजन) नावापुरते असते. टोंक येथे पणजीच्या सांडपाण्यावर प्रक्रिया होते. अशा केंद्रांतला गाळ वेगळा. त्यात नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) चांगले असते, पण जंतांची अंडी आणि जड धातूही असू शकतात. तिसरा कारखान्यांच्या सांडपाण्याचा गाळ. तो बांधावरही उतरवून घेऊ नका. विक्रेता तिन्हींना 'सेंद्रिय गाळखत' म्हणतो आणि एकाच भावाने विकतो.

तुरटीच्या गाळाबद्दल नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे नुकसान इथेच होते. आपली जांभ्याची जमीन मुळात आम्ल, लोह-अ‍ॅल्युमिनियमने भरलेली. ती स्फुरद धरून ठेवते, पिकाला देत नाही. त्यात आणखी अ‍ॅल्युमिनियमचा गाळ ओतला की सुपर फॉस्फेटचे पैसे मातीतच अडकतात. माड पिवळा पडतो, मग तोच विक्रेता आणखी एक पोते खत देतो. मातीचा सामू (pH) साडेपाचच्या खाली असेल तर अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोके जाळते. म्हणून आधी माती तपासा, अहवालाप्रमाणे चुना किंवा डोलोमाइट द्या, मग गाळाचा विचार करा. स्फुरदाचे खत गाळाबरोबर कधीच मिसळू नका.

कंपोस्टमध्येच घालायचा असेल तर तो वाळवून, फोडून, ढिगाच्या दहाव्या भागापर्यंत. त्याहून जास्त नको. 'निम्मे-निम्मे घाला, लवकर कुजते' हा सल्ला चुकीचा आहे. ओला गाळ ढिगातली हवा बंद करतो, ढीग सडतो आणि वास सुटतो. सोबत नारळाची चिरलेली सोडणे (काथ्याची साले), सुका पाला, पेंढा भरपूर हवा. मूठ दाबल्यावर बोटांत ओल जाणवावी, पाणी गळू नये.

सांडपाण्याचा गाळ असेल तर ढीग आतून ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापलाच पाहिजे, आणि कडेचा भाग आत यावा म्हणून पुन्हा पुन्हा पालटला पाहिजे. वरवर तापला म्हणजे झाले असे नाही. 'चुना मारला की जंतू मेले' हेही ऐकून घेऊ नका: मूठभर चुन्याने जंतांची अंडी मरत नाहीत, आणि चुन्याबरोबर युरिया टाकलात तर नत्र हवेत उडून जाते. असे कंपोस्ट तांबडी भाजी, मुळा, काकडीला कधीही घालू नका. माड, काजूपुरते ठेवा आणि हातमोजे घाला.

विक्रेत्याकडे त्याच मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५० याहून जास्त चालत नाही. अहवाल नाही, तर माल नाही. दुसऱ्या खेपेचा जुना कागद दाखवला, तरी माल नाही. धातू एकदा जमिनीत गेले की निघत नाहीत.

वेळेबद्दल. 'मिरगाआधी टाका, पाऊस जिरवेल' असे सांगणारे बरेच भेटतात. आपल्याकडचा पाऊस जिरवत नाही, वाहून नेतो. कुळागरातला (माड-सुपारीच्या बागेतला) गाळ थेट ओहोळात आणि विहिरीत उतरतो. ढीग पावसाळ्यात झाकून ठेवा आणि पूर्ण कुजलेले खत सप्टेंबरात, पावसाचा जोर ओसरल्यावर आळ्यात द्या. मेपासून जुलैपर्यंत काहीही टाकू नका.

आता माझे मत. नत्रासाठी गाळामागे धावण्यापेक्षा बांधावर गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. खुंट रोवला की जगतो, गुरे सहसा फिरकत नाहीत, आणि कोवळा पाला आळ्यात दाबला की लवकर कुजतो. भातासाठी धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्याआधी गाडा. यात धातूही नाहीत, टेम्पोचे भाडेही नाही. ज्या कुळागरांत हा पाला नेमाने पडतो तिथली माती मी हातात घेऊन पाहिली आहे. ती भुसभुशीत असते, आणि अशा घरच्या खतासमोर विकतचा गाळ मला कधी पटलेला नाही.

अनुदानाचे विचारणाऱ्यांना: कृषी कार्ड (शेतकऱ्याचे नोंदणी कार्ड) घेऊन विभागीय कृषी कार्यालयात या, चालू योजना तिथेच कळतील. सेंद्रिय शेतीच्या गटात असाल तर गाळ वापरण्याआधी गटाची लेखी परवानगी घ्या.