लिओनार्दोच्या भिंतीचे पोपडे का पडले?

प्रश्न : लिओनार्दोचं ‘द लास्ट सपर’ हे येशूच्या शेवटच्या भोजनाचं भित्तिचित्र पुरतं वीस वर्षांचंही नव्हतं तेव्हापासून खराब होऊ लागलं, असं वाचलं. मायकेलँजेलोने दहाच वर्षांनी हाती घेतलेलं सिस्टीन चॅपेलचं छत मात्र टिकलं. लिओनार्दोला भिंतीवरचं काम येत नव्हतं का?

उत्तर : येत नव्हतं म्हणण्यापेक्षा मानवत नव्हतं. सिस्टीनचं छत फ्रेस्को पद्धतीचं, म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं. फ्रेस्कोत विरवलेल्या चुन्यात वाळू कालवून आधी जाड, खरबरीत थर देतात आणि त्यावर पातळ, गुळगुळीत थर. हा वरचा थर ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग लावायचे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि रंगाचे कण त्यातच अडकून बसतात. डिंक, अंडं, तेल, काहीच लागत नाही. पण हातात वेळ काही तासांचाच. म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढ्याच जागेवर वरचा थर द्यायचा आणि संध्याकाळी कोरा उरलेला भाग कापून काढायचा. चूक झाली तर तेवढा तुकडा खरवडून पुन्हा गिलावा.

लिओनार्दोला ही घाई कशी झेपावी? मिलानच्या सान्ता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या भोजनगृहात तो हे चित्र काढत होता (१४९५ ते १४९८), तेव्हा लेखक मात्तेओ बांदेल्लोने त्याला पाहिलं होतं. त्याने लिहून ठेवलंय, की लिओनार्दो कधी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत ब्रश खाली ठेवत नसे, कधी तीन-चार दिवस ब्रशला हात न लावता नुसता चित्र न्याहाळत राही, तर कधी येऊन दोन फटकारे मारून निघून जाई. मग त्याने लाकडी फळीवर करतात तसंच भिंतीवर केलं. कोरड्या गिलाव्यावर खडूसारखं पांढरं अस्तर, त्यावर शिशाच्या सफेद्याचा पातळ हात आणि वर अंडं व तेलात कालवलेले रंग. त्यामुळे सावल्या हव्या तितक्या वेळा घोटता आल्या, पण रंग भिंतीत मुरलाच नाही, वरच बसला. भिंतीत ओल आली आणि पोपडे सुटले. (येशूचे पाय १६५२ मध्ये तिथे दार फोडताना गेले, तो दोष लिओनार्दोचा नव्हे.)

मायकेलँजेलो स्वतःला शिल्पकार म्हणवत असला, तरी पोरवयात, १४८८ मध्ये, तो चित्रकार गिर्लांदायोकडे उमेदवारीला होता आणि फ्रेस्को हे त्या कार्यशाळेचं रोजचंच काम होतं. लिओनार्दो शिकला वेरोक्योकडे, जिथे भर धातुकामावर आणि फळीवरच्या चित्रांवर होता. तरीही सिस्टीनमध्ये सुरुवातीला बुरशी आलीच. चुना फार ओला कालवला जात होता. वास्तुकार ज्युलियानो दा सांगाल्लोने कारण सांगितल्यावर काम पुढे गेलं आणि १५१२ मध्ये पुरं झालं.

प्रश्न : मायकेलँजेलोने ते छत उताणं झोपून रंगवलं का?

उत्तर : नाही. उभं राहून, मान मागे टाकून. त्या हालांवर त्याने एक कविताही केली आणि शेजारी स्वतःचं चित्र काढलं, त्यात तो उभाच आहे.

प्रश्न : दोघे कधी समोरासमोर आले का?

उत्तर : फ्लॉरेन्सच्या पालात्सो वेक्क्यो या नगरभवनातल्या एकाच मोठ्या दालनासाठी १५०४ च्या सुमारास दोघांकडे एकेक युद्धचित्र होतं. लिओनार्दो तिथेही तेलाकडेच वळला. रंग वाळवायला आग पेटवली, पण तिची धग वरच्या भागापर्यंत पोचेना, असं जुन्या नोंदीत आहे. मायकेलँजेलोचं काम कागदावरच्या पूर्ण आकाराच्या खाक्यापुढे गेलंच नाही. १५०५ मध्ये त्याला पोपने रोमला बोलावून घेतलं.