गरोदर लेकीला माल्टाला पाठवू का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, जावई माल्टात हॉटेलात कामाला आहेत. लेकीला अडीच महिने झालेत आणि पुढच्या महिन्यात ती त्यांच्याकडे निघालीय. मागच्या खेपेला साडेचार महिन्यांतच पाणी गेलं, बाळ हाती लागलं नाही. इथल्या डॉक्टरांनी वेळीच पिशवी रिकामी केली म्हणून पोर वाचली. तिकडे तसं करत नाहीत म्हणतात. खरं का? व्हिसा आलाय, ती काही ऐकत नाही.
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे. माल्टा कॅथलिक देश. २०२३ पर्यंत तिथे कुठल्याच कारणासाठी गर्भपाताला परवानगी नव्हती. जून २०२२ मध्ये अँड्रिया प्रुडेंटे ही अमेरिकन बाई तिथे फिरायला गेली आणि सोळाव्या आठवड्यात तिचं पाणी गेलं. बाळ जगणार नव्हतं, पण ठोके चालू, म्हणून डॉक्टर हात लावेनात. शेवटी तिला विमानाने स्पेनच्या मायोर्का बेटावर हलवावं लागलं. त्यानंतर कायदा बदलला, पण सूट मिळाली ती आईच्या जिवावर बेतलं तरच. बाळाला जगूच न देणारं व्यंग असो की बलात्कार, आजही परवानगी नाही.

बेळगावची सविता हलप्पनवार आठवते ना? २०१२ साली आयर्लंडमध्ये, सतराव्या आठवड्यात, अशीच ठोके थांबायची वाट पाहिली गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि ती गेली. तिथल्या लोकांनी २०१८ मध्ये मतदान करून घटनेतलं गर्भपातबंदीचं कलम काढून टाकलं.

पाणी गेलं की जंतूंना पिशवीत शिरायला वाट मोकळी होते. अशी पेशंट आली की आम्ही नाडी आणि ताप सारखा बघत राहतो. नाडी शंभरावर सरकली, अंगात हुडहुडी भरली की तास मोजायचे असतात. ‘जिवावर बेतलंय’ हे कागदावर येईपर्यंत थांबायला लावणाऱ्या कायद्याची मला मनापासून चीड येते. आपल्याकडे १९७१ चा कायदा आहे. विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं.

म्हणून स्पष्ट सांगते, या खेपेला तिला पाठवू नका. पाणी एकदा लवकर गेलेलं असलं की पुन्हा जायची भीती जास्त असते. येत्या दोन-तीन आठवड्यांत डॉक्टरांना मागचा सगळा इतिहास सांगा, पिशवीच्या तोंडाला टाका घालायची गरज आहे का विचारा. पुढे सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी मोजून घेत राहा. बाळंतपण नाशिकलाच होऊ दे. मागचं डिस्चार्ज कार्ड घेऊन दोघी या, आणि जावयांना तेव्हा फोनवर घ्या. हे त्यांनीही ऐकायला हवं.