गंडम कोणत्या क्रमाने पाहावे, याविषयी भाचीस

चि. भाचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता पाहिला. बाणांनी जोडलेले ते रंगीत चौकोन कोणी मांडले असतील ते असोत, पण त्यांतून वाट सापडण्याऐवजी तुझा गोंधळच वाढला, हे तुझ्या प्रश्नावरून उघड दिसते. 'द विच फ्रॉम मर्क्युरी' पाहून झाल्यावर तुला जुन्या गंडमकडे, म्हणजे माणसांनी आत बसून चालवायच्या प्रचंड युद्धयंत्रांच्या त्या जपानी ॲनिमेशन मालिकांकडे, वळायचे आहे आणि कथेतल्या सनावळीनुसार 'द ओरिजिन'पासून आरंभ करावा, असे तुझ्या मनाने जवळजवळ घेतलेच आहे. तसे करू नकोस. ज्या क्रमाने या मालिका तयार झाल्या, त्याच क्रमाने त्या पाहा. पत्र संपेपर्यंत मी हेच सांगत राहणार आहे, हे आताच सांगून ठेवते.

'विंग', 'सीड' किंवा तू पाहिलेली 'विच' या स्वतंत्र विश्वांतल्या कथा आहेत. त्या केव्हाही पाहिल्यास तरी बिघडत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी तक्ता लागत नाही. क्रमाचा प्रश्न उरतो तो 'युनिव्हर्सल सेंचुरी' या कालगणनेत घडणाऱ्या मालिकांपुरता.

तिथली पहिली मालिका एप्रिल 1979 मध्ये सुरू झाली आणि दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी प्रेक्षकाला थेट युद्धाच्या मध्यात आणून सोडले. निम्मी मानवजात आधीच मेलेली आहे, आमुरो रे नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा हातात पुस्तिका धरून यंत्र चालवतो आहे आणि समोर मुखवटा घातलेला शार आहे, ज्याच्याविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही. दुसऱ्याच भागात एक व्यक्ती त्याच्यासमोर बंदूक रोखून उभी राहते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याचा अर्थ पुढे हळूहळू लागत जातो. 'द ओरिजिन' ही चित्रमालिका मात्र शारच्या बालपणापासूनच सुरू होते, म्हणजे मुखवटा चढण्याआधीच त्यामागचा चेहरा तुझ्या ओळखीचा होऊन बसतो. हे रहस्य मला एका उत्साही मित्राने मालिका पाहण्यापूर्वीच ऐकवले होते आणि त्याची चुटपुट आजही गेलेली नाही. शार पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मला त्याचा संशय घेता आला नाही, त्याची भीतीही वाटली नाही. माझ्या वाट्याला आली ती नुसती माहिती.

यावर तू म्हणशील की 'द ओरिजिन'चे कर्ते योशिकाझु यासुहिको हे तर मूळ मालिकेचे पात्र-आरेखक, मग त्यांच्या हातून कथा बिघडेल कशी? मुद्दा बरोबर आहे, पण मग त्यांनी स्वतः काय केले तेही पाहा. 2001 पासून त्यांनी हीच कथा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, म्हणून रेखाटली, तेव्हा आरंभ युद्धापासूनच केला आणि शारचा भूतकाळ मध्यावर आणला, वाचकाला मुखवटा पुरता परिचयाचा झाल्यानंतर. पडद्यावर 2015 ते 2018 या काळात भूतकाळाचा भाग आधी आला, कारण उरलेली कथा प्रेक्षकांना पाठ असल्याचे गृहीत होते. तुला ती पाठ नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे. शिवाय कथेत अगोदरची असलेली ही यंत्रे संगणकावर घडवलेली, झगझगीत आहेत. त्यांच्यानंतर 1979 ची हाताने रंगवलेली चित्रे पाहशील तेव्हा तंत्रज्ञान मागे गेले की काय, असे तुला वाटेल.

'स्टारडस्ट मेमरी'चेही तेच. टायटन्स ही पहिले युद्ध जिंकलेल्या बाजूची दडपशाही करणारी फौज कशी जन्मली, याचा उलगडा त्यात होतो. पण ती 1991 ची आहे आणि 'झेटा', म्हणजे पहिल्या मालिकेनंतरची मालिका, 1985 ची. 'झेटा'त टायटन्स आधीच माजलेले दिसतात. जिंकलेली बाजू इतक्या लवकर अशी कशी झाली, हे पाहणाऱ्याने स्वतः जुळवावे, अशीच तोमिनोंची मांडणी आहे. उत्तर आधी वाचून गणित सोडवायचे असेल तर सोडव बापडी, पण मग मला विचारू नकोस.

म्हणून निर्मितीचा क्रम. प्रथम 1979 ची मालिका, मग 'झेटा', 'डबल झेटा', 1988 चा 'शार्स काउंटरअटॅक' हा चित्रपट, आणि त्यानंतरच 1989 ची 'वॉर इन द पॉकेट' व पुढचे सारे. 'युनिकॉर्न' 2010 पासून आली. तिच्यातला मुखवटाधारी 1988 चा चित्रपट पाहिल्याशिवाय निव्वळ एक खलनायक वाटेल. 2025 ची 'जीक्वाक्स' तर पहिल्या युद्धाचा निकालच उलटवून पाहते. मूळ निकाल ठाऊक नसलेल्या माणसाला त्यात उलटे काय आहे ते कळावे कसे?

पहिल्या मालिकेऐवजी 1981-82 चे तीन संकलित चित्रपट पाहिले तर चालेल का, हेही तू विचारले आहेस. पुष्कळ जाणकार 'चालेल' म्हणतात. मी म्हणत नाही. मूळ मालिका 52 भागांची ठरली होती. प्रेक्षकसंख्या आणि खेळण्यांची विक्री दोन्ही रोडावल्यामुळे ती 43 भागांवर आटोपावी लागली. तिचे भाग्य उजळले ते पुनःप्रक्षेपणांत आणि जुलै 1980 मध्ये बाजारात आलेल्या बान्दाई या खेळण्यांच्या कंपनीच्या प्लास्टिक जोडणी-संचांमुळे. प्रायोजकाला विकण्याजोगे हवे म्हणून मध्येच घुसवलेले जी-आर्मर हे जोडयंत्र तोमिनोंनी चित्रपटांतून काढून टाकले. ते काढले याचे समाधान वाटायला ते आधी सोसलेले असावे लागते. निर्मितीचा क्रम म्हणजे हेही आलेच: माणसे कोणत्या अडचणीत काम करीत होती आणि पुढे मोकळीक मिळताच त्यांनी काय बदलले, ते त्याच ओळीने दिसते. 'झेटा'चे 2005-06 चे चित्रपट शेवट बदलतात. तोमिनोंना वीस वर्षांनी तो बदलावासा वाटला, हे मूळ शेवट पचवलेल्यालाच जाणवेल.

तुझ्या आईच्या मते मी हेकट आहे आणि करमणुकीच्या गोष्टीचाही अभ्यासक्रम करून टाकते. तसे असेल तर असो. ज्यांना ज्यांना मी घाईने 'कुठूनही बघ' असे सांगितले, त्यांतले बहुतेक मध्येच गळाले, म्हणून हा हेका आता मी सोडत नाही.

तेव्हा पहिल्या भागापासून आरंभ कर. पंधराव्या भागात चित्रे इतकी कच्ची आहेत की तोमिनोंनी स्वतःच तो अमेरिकेतल्या प्रक्षेपणातून वगळायला लावला; यासुहिकोंनी त्याच कथेवर 2022 मध्ये संपूर्ण चित्रपट केला. तो चित्रपट आधी पाहू नकोस. आणि पंधरावा भाग पाहून झाल्यावर 'मावशी, हे काय काढले आहे' असे मला कळवू नकोस, मला ठाऊक आहे, सोळावा लाव.

तुझी,
मावशी