अतिविभव की अधिविभव?

परभणीच्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षकांचा प्रश्न आहे: पाण्याच्या विद्युत अपघटनावर लिहिताना मुलं 'ओव्हरपोटेन्शियल'ला 'अतिविभव' म्हणतात, ते चालेल का?

'अधिविभव' लिहावं. 'अति' म्हणजे प्रमाणाबाहेर. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्यांची मागणी सुरू होते. 'अधि' मूळ रकमेवर चढतो, विजेच्या बिलातल्या अधिभारासारखा. विजेने पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये फोडायला २५ अंश सेल्सिअसला किमान १.२३ व्होल्ट लागतात, प्रत्यक्ष घटाला (सेलला) १.८च्या आसपास द्यावे लागतात. या वाढीतला थोडा भाग द्रावणाच्या रोधात जातो. उरलेला दोन्ही अग्रांवर (इलेक्ट्रोडांवर) अभिक्रिया रेटायला लागतो, तोच अधिविभव. प्रवाह वाहत असताना तो शून्य कधीच होत नाही, म्हणून त्याला 'अति' म्हणणं अन्यायाचं आहे. बोलताना 'वरकड व्होल्ट' म्हटलं तरी अर्थ पोचतो, आणि मला तो शब्द फार आवडतो. घटाचा ०.१ व्होल्ट वाचला तर किलोभर हायड्रोजनमागे सुमारे २.७ युनिट वीज वाचते. अग्रांच्या पदार्थांवरची सगळी खटपट त्यासाठीच.

शब्दापेक्षा वाक्यात जास्त चुका होतात. 'निकेल-लोहाच्या अग्राचा अधिविभव २७० मिलिव्होल्ट' हे वाक्य अर्धंच आहे. '१० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरला' हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही, कारण प्रवाह वाढला की अधिविभवही वाढतो. रोधाची वजाबाकी केली की नाही, तेही लिहावं. १ चौरस सेंटिमीटरच्या अग्रातून १० मिलिअँपिअर जाताना द्रावणाचा रोध ५ ओहम असेल, तर ५० मिलिव्होल्ट नुसते त्यातच जातात. खरा आकडा २२० उरतो. निकेलचा फोम, म्हणजे स्पंजासारखा सच्छिद्र निकेल, वापरला तर आकडा आणखी उतरतो, पण ते श्रेय बरंचसं वाढलेल्या पृष्ठभागाचं असतं. तिथे 'पदार्थ सुधारला' असं लिहू नये.

ऋणाग्राचा, म्हणजे हायड्रोजन सुटतो त्या अग्राचा, नवा पदार्थ तपासताना समोरचं दुसरं अग्र म्हणून प्लॅटिनमची तार लावू नये, ग्रॅफाइटची कांडी लावावी. प्लॅटिनम किंचित विरघळून ऋणाग्रावर बसतं आणि साध्या पदार्थाचाही अधिविभव कमी दिसतो. घटात भरायचं पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण बोअरच्या पाण्यात तर करूच नये. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा थर ऋणाग्रावर धरतो आणि अधिविभव चढत जातो.

शब्द पुल्लिंगी: अधिविभव घटला, अधिविभवाचा आलेख. 'अधि' आणि 'विभव' यांत संधी होत नाही, जोडूनच लिहावा.